जुन्या ४के टीव्हीला स्टिक की बॉक्स?

तिसरा_रिमोट: टीव्ही ४के आहे, पण त्यातली अ‍ॅप्स रखडतात, काहींना अपडेटही येत नाहीत. टीव्ही बदलायचा नाही, एचडीएमआयला जोडायची स्ट्रीमिंग स्टिक किंवा बॉक्स घ्यायचा विचार आहे. नेटफ्लिक्स, यूट्यूब आणि हार्ड डिस्कवरचे सिनेमे बघायचे असतात. काही फाइली ६० जीबीच्या आहेत. स्टिक पुरेल का? आणि स्वस्त बॉक्सवर ‘८के’ छापलेलं असतं, त्याला काही अर्थ आहे का? जाणकारांनी सांगावं.

खोक्यामागचा: ८के विसरा. नेटफ्लिक्सचं चित्र किती स्पष्ट दिसणार, हे आधी वाइडवाइनच्या (गूगलची कॉपी-संरक्षण प्रणाली) पातळीवर ठरतं. एल१ (सर्वांत वरची पातळी) असेल तर एचडी किंवा ४के मिळू शकतं. एल३ (सर्वांत खालची) असेल तर प्रोसेसर कितीही तगडा असो, गाडी ४८०पीवरच अडते. एल१ असूनही नेटफ्लिक्सची वेगळी मान्यता लागतेच. बॉक्स सुरू केल्यावर मोबाइलसारखी होमस्क्रीन आली तर तो परत करा. प्रमाणित अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्हीच घ्या. वाइडवाइनची पातळी ‘डीआरएम इन्फो’ अ‍ॅपमध्ये दिसते.

दुसरी गोची पोर्टची. जुन्या ४के टीव्हीत एचडीसीपी २.२ (संरक्षित ४के चित्रासाठी लागणारं एचडीएमआयवरचं कॉपी-संरक्षण) कधी कधी एकाच एचडीएमआय पोर्टला असतं. दुसरीकडे खोचलं की १०८०पी, नाहीतर काळा पडदा. पोर्ट बरोबर असूनही एचडीआर (उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणारं चित्र) येत नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचा ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘डीप कलर’ पर्याय चालू करा. तो बऱ्याचदा मुळात बंद असतो.

वायरींचा_गुंता: पोर्टबद्दल +१. पण डिस्क असेल तर बॉक्सच घ्या. स्टिकचं एकुलतं पोर्ट पॉवरलाच जातं. मग ओटीजी हब (त्याच पोर्टातून पॉवर आणि डिस्क दोन्ही जोडणारा जोड), डिस्कला वेगळी पॉवर, नुसतं लटांबर.

६० जीबीचा दोन तासांचा सिनेमा म्हणजे सरासरी ६७ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), आणि मधेच तो १००च्या वर उसळतो. डिस्क थेट जोडली तर यूएसबी २.० सुद्धा पुरतं. तीच फाइल नेटवर्कवरून चालवली आणि बॉक्सचं लॅन (नेटवर्क केबलचं) पोर्ट १०० एमबीपीएसचं असलं, की नेमकं हाणामारीत बफरिंग. फॅट३२ या डिस्क फॉरमॅटवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणजे तुमची डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट असणार. बॉक्स ती वाचतो का, हे घेण्याआधी बघा.

तिसरा_रिमोट: धन्यवाद. दुसऱ्या खोलीत फक्त ऑनलाइन बघायचं आहे, तिथे स्टिक घेतो. पॉवर टीव्हीच्या यूएसबीतून दिली तर चालेल?

खोक्यामागचा: नको. यूएसबी २.० पोर्टचं प्रमाण ५०० मिलिअँपिअर, स्टिकच्या अ‍ॅडॅप्टरवर बहुधा ५ व्होल्ट १ अँपिअर लिहिलेलं असतं. मेनू चालेल, पण ४के लावलं की आपोआप रीस्टार्ट. स्टिकसोबत आलेला छोटा एचडीएमआय एक्स्टेंडर वापरा, पॅनेलला चिकटून राहिली तर वायफाय पडतं. आणि फ्रेम रेट जुळवायचा पर्याय चालू ठेवा. २४ फ्रेमचा सिनेमा ६० हर्ट्झवर चालला की एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दिसते. कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं ते त्यामुळेच.