फ्राक्टूरला ‘नाझी अक्षर’ म्हणणे कितपत योग्य?

जुना_खिळा : जर्मनीतील टोकदार, काळीभोर छापील अक्षरे (फ्राक्टूर आणि त्याची भावंडे टेक्स्टुरा, श्वाबाखर) दिसली की अनेकांना थेट हिटलर आठवतो, माझ्या मते हा त्या अक्षरांवर अन्याय आहे. गुटेनबर्गचे बायबल 1455 च्या सुमारास टेक्स्टुरा वळणात छापले गेले, ल्यूथरचा 1522 चा जर्मन नवा करार श्वाबाखरमध्ये, आणि सम्राट पहिल्या माक्सिमिलियानच्या आश्रयाने घडलेले फ्राक्टूर पुढे चार शतके जर्मन वाचकाच्या रोजच्या सवयीचे होते. त्याला सक्तीने निवृत्त केले ते नाझींनीच. 3 जानेवारी 1941 च्या परिपत्रकात नाझी पक्षातला बडा अधिकारी मार्टिन बोरमानने या वळणाला ‘श्वाबाखर यहुदी अक्षरे’ ठरवले, आणि ज्या कागदावर हे टंकलिखित झाले त्याचा छापील मथळा मात्र त्याच वळणाचा होता!

तिरपी_रेघ : तपशील मान्य, निष्कर्ष घाईचा वाटतो. बंदीपूर्वीची आठ वर्षे याच राजवटीने हे वळण अस्सल जर्मन म्हणून मिरवले आणि ‘टानेनबेर्ग’सारखे ताठ, कडक टंक (फाँट) याच काळात रूढ झाले. बंदीमागे पश्चात्तापही नव्हता. जिंकलेल्या देशांतील लोकांना ही अक्षरे वाचता येत नव्हती, ही अडचण त्यामागे होती असे मानले जाते. आज अतिउजवे गट फलकांवर आणि सदऱ्यांवर हीच अक्षरे वापरतात, तेव्हा त्यांना 1941 चे परिपत्रक आडवे येत नाही.

जुना_खिळा : मग जर्मन औषधालयांवरच्या लाल, टोकदार ‘ए’चे (‘आपोटेकं’ म्हणजे औषधालय, त्याचे आद्याक्षर) काय करायचे? ते चिन्ह 1936 मध्ये आले तेव्हा त्यात रून (नाझींना प्रिय असलेल्या प्राचीन जर्मानिक लिपीतले अक्षर) होते. 1951 मध्ये रून काढून प्याला आणि साप बसवले, पण टोकदार अक्षर तसेच ठेवले. दोष रूनचा होता, वळणाचा नव्हता, हे त्या लोकांना तेव्हाच कळले होते.

मेणबत्ती : तुम्ही दोघेही हे वळण वाचता येत असल्यासारखे भांडता आहात. फ्राक्टूरमध्ये ‘एस’ दोन प्रकारचा असतो, लांब आणि गोल; जोडशब्दातल्या घटकाच्या आरंभी लांब येतो, शेवटी गोल. त्यामुळे ‘वाखश्टूबं’ (पहारेकऱ्यांची खोली) आणि ‘वाक्सटूबं’ (मेणाची नळी) हे एरवी एकाच स्पेलिंगचे शब्द छापताच वेगळे ओळखता येतात. आजच्या बिअरच्या लेबलांवर, मेटल बँडच्या नावांत आणि गोंदणांत सर्रास गोल ‘एस’च असतो, म्हणजे लिपी म्हणून ते वळण बहुतेकांपुरते संपले आहे आणि उरली आहे ती नक्षी. त्यातही सगळी मोठी अक्षरे सलग जोडून गोंदवलेले शब्द तर छपाईचे खिळे जुळवणाऱ्या जुन्या जर्मन जुळाऱ्यालाही लागले नसते, कारण ती मोठी अक्षरे शब्दाच्या आरंभी एकेकटी बसण्यासाठीच घडवलेली होती.