टी-ट्रॅक निवडताना आधी काय मोजावे : १९, ३० की ४५?

प्रश्न (मिरज)

सर्वांना नमस्कार. मिरजेत घरामागच्या बारा बाय चौदा फुटांच्या खोलीत मी लाकूडकामाचे छोटे वर्कशॉप उभे केले असून देव्हारे, चौरंग, पाट आणि लहान कपाटे अशी कामे तेथे करतो. जोडकामासाठी आणि कापणीसाठी लाकूड घट्ट धरता यावे म्हणून गेल्या महिन्यात टेबलावर टी-ट्रॅक, म्हणजे नट किंवा बोल्टचे डोके आत सरकवून शिकंजा (क्लॅम्प) अडकवता येतो अशी खाचेची धातूची पट्टी, बसवला. ३० मि.मी. रुंद आणि १२.८ मि.मी. उंच असा ॲल्युमिनियमचा ट्रॅक मागवला, टेबलाच्या १८ मि.मी.च्या प्लायमध्ये राउटरने (खाच कोरण्याच्या मशीनने) खाच पाडली आणि वरून सीएसके, म्हणजे डोके पृष्ठभागात बुडणारे, स्क्रू मारले.

दोन दिवस काम व्यवस्थित चालले. तिसऱ्या दिवशी चौरंगाचा सागवानी पाय धरून शिकंज्याची मूठ आवळली, तेव्हा कर्रकन आवाज झाला आणि मधला फूटभर ट्रॅक दोन सूत, म्हणजे पाव इंच, वर उचलला गेला. स्क्रू काढून पाहिले तर आट्यांमध्ये प्लायचे धागे अडकलेले होते. एकही स्क्रू वाकलेला किंवा तुटलेला नव्हता.

आता हे टेबल नव्याने करायचे आहे. त्याशिवाय आडव्या कापणीच्या स्लेडला (लाकूड धरून पात्याकडे सरकवण्याच्या फळीला) आणि ड्रिल मशीनच्या टेबलाला ट्रॅक लावायचा आहे. बाजारात १९, ३० आणि ४५ मि.मी. रुंदीची अशी तीन मापे दिसतात. कोणत्या कामाला कोणते माप घ्यावे, आणि ॲल्युमिनियमऐवजी लोखंडी ट्रॅक घेणे योग्य ठरेल का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (सांगली)

तुमच्या ट्रॅकमध्ये दोष नाही, त्याच्याखाली लाकूडच उरले नव्हते. १८ मधून १२.८ वजा केले की ५.२ मि.मी. राहतात, आणि १८ ची म्हणून विकली जाणारी प्लाय अनेकदा तितकी भरतही नाही. माझ्याकडची मागची खेप १७.३ भरली होती. म्हणजे तुमचे स्क्रू जेमतेम साडेचार-पाच मि.मी. लाकडात होते. शिकंजा लाकडाला जितक्या जोराने खाली दाबतो, तितक्याच जोराने तो ट्रॅकला वर ओढतो, आणि ती सगळी ओढ त्या चार-पाच मि.मी.वर येते. मूठ आवळताना हे लक्षात येत नाही, कारण आपली नजर वरच्या कामावर असते.

म्हणून टेबलाची जाडी ठरवल्याशिवाय ट्रॅकचे माप ठरवू नका. जुन्या प्लायखाली १८ चाच दुसरा थर पूर्ण पृष्ठभागावर फेव्हिकॉल लावून चिकटवा आणि रात्रभर दाबून ठेवा. ३६ मधून १२.८ गेले तरी २३ मि.मी. शिल्लक राहतात. ट्रॅकच्या तळाची जाडी धरून २० मि.मी. लांबीचा स्क्रू त्यात पुरेसा बसतो आणि खालून बाहेरही येत नाही. शिवाय प्रत्येक ट्रॅकच्या दोन्ही टोकांना आणि मध्यभागी स्क्रूऐवजी आरपार सीएसके बोल्ट घालून खालून मोठी चकती आणि नट लावा. बोल्टचे डोके तळाच्या पातळीखाली बसले पाहिजे, नाहीतर त्यावरून ट्रॅकमधला शिकंज्याचा नट सरकणार नाही. माझे टेबल सहा वर्षांपासून असेच आहे आणि त्यावर मी दरवाजांच्या चौकटीही जोडतो.

मापांविषयी सांगायचे तर, १९ बाय ९.५ चा ट्रॅक म्हणजे आपल्या भाषेत सहा सूत बाय तीन सूत. स्लेडच्या फेन्सवर (लाकूड टेकवण्याच्या उभ्या पट्टीवर) आणि ड्रिल मशीनच्या टेबलावर फक्त थांबा, म्हणजे स्टॉप, धरायचा असतो. तेथे ओढ कमी आणि जागाही कमी, म्हणून हाच घ्यावा. टेबलावर ३० चा घ्या. ४५ चा ट्रॅक मी वापरलेला नाही, पण तुमच्या कामाच्या आकाराकडे पाहता त्याची गरज वाटत नाही.

उत्तर (कुपवाड एमआयडीसी)

माझे काम लाकडाचे नसून लेथ आणि मिलिंगचे आहे, परंतु आसपासच्या सुतारांना ट्रॅकचे नट मी करून देत असल्यामुळे एक गोष्ट आवर्जून सांगतो. ट्रॅक घेण्याआधी त्यात कोणता बोल्ट किंवा नट जाणार हे ठरवा, कारण पैसे बहुतेक वेळा तेथेच वाया जातात.

सहा सुती ट्रॅक मूळचा इंचाच्या मापाचा आहे आणि त्याची आतली वाट पाव इंची बोल्टच्या षटकोनी डोक्यासाठी, म्हणजे ११.१ मि.मी.साठी, बेतलेली असते. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या एम ६ (६ मि.मी. जाडीच्या) बोल्टचे डोके १० मि.मी.चे आहे. ते आत सैल सरकते आणि आवळताना थोडे फिरून कोपऱ्यांवर अडकते. असे वारंवार झाले की ॲल्युमिनियमच्या भिंतींवर ओरखडे पडतात आणि पुढे डोके जागेवर धरतच नाही. म्हणून या ट्रॅकला दोन सुती बोल्ट वापरा किंवा त्याच्यासाठीच बनवलेले चपट्या डोक्याचे टी-बोल्ट घ्या.

३० च्या ट्रॅकचे प्रकरण वेगळे आहे. माझ्याकडे आलेल्या ट्रॅकचे तोंड, म्हणजे वरची उघडी फट, १९ मि.मी.च्या आसपास होते आणि एम ८ चे डोके १३ मि.मी.चे, म्हणजे साधा बोल्ट त्यातून सरळ वर निघून येतो. त्याला आत सरकणारा नटच लागतो. धातूच्या पट्टीचा तुकडा घेऊन आतल्या मापापेक्षा अर्धा मि.मी. कमी घासावा, ६.८ मि.मी.चे भोक पाडून एम ८ चे आटे पाडावेत, आणि लांबी निदान ४० मि.मी. ठेवावी. नट लांब असला की ओढ ओठाच्या, म्हणजे तोंडाच्या दोन्ही बाजूंनी आत वळलेल्या कडांच्या, मोठ्या भागावर वाटली जाते आणि ओठ वाकत नाहीत. लोखंडी ट्रॅकवर खर्च करण्याऐवजी नट लांब करा. माझ्या मते तेच योग्य आहे.

आणखी एक. आटे आरपार असलेल्या नटात लांब बोल्ट फिरवत गेलात, तर बोल्टचे टोक ट्रॅकच्या तळाला टेकते आणि ते नटाला वर रेटते. वर काही धरलेले नसतानाही ओठ त्यामुळे फाकू शकतात. माझ्याकडे दुरुस्तीला आलेले दोन ट्रॅक याच कारणाने खराब झाले होते. बोल्टची लांबी मोजूनच कापावी.

उत्तर (मेढा, जावळी)

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण पावसाचा विषय राहिला. तुमच्याकडे मिरजेत हवा बरीच कोरडी असते. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत खोलीतली प्रत्येक फळी फुगते. पहिल्यांदा मी खाच इतकी नेमकी पाडली होती की ट्रॅक ठोकून बसवावा लागला, आणि ऑगस्टमध्ये प्लायने त्याला दोन्ही बाजूंनी असे दाबले की नट मधल्या हातभर भागात अडकूनच बसला. तेव्हापासून मी खाच रुंदीला कागदाच्या एक-दोन घड्यांएवढी सैल आणि खोलीला अगदी किंचित जास्त ठेवतो. ट्रॅक पृष्ठभागाच्या वर आला तर प्रत्येक पाट त्यावर डुगडुगतो. किंचित खाली राहिला तर काहीच बिघडत नाही. खाच पाडल्यावर उघड्या पडलेल्या प्लायला लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्या, कारण ओल तेथूनच शिरते.

दोन तुकडे टोकाला टोक लावून बसवणार असाल तर मध्ये फट सोडा. ॲल्युमिनियम एका मीटरला दर अंशामागे ०.०२३ मि.मी. वाढते, हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत २५ अंशांचा फरक धरला तर ही वाढ अर्ध्या मि.मी.हून थोडी जास्त होते. तसेच ट्रॅक टेबलाच्या कडेपर्यंत न्या आणि टोके उघडी ठेवा. टोक बंद असले की भुसा आत साचून घट्ट बसतो आणि तो सुईने उकरावा लागतो.

खाच एका दमात पाडू नये. दर फेरीला तीनेक मि.मी. खोल गेल्यास कडा स्वच्छ निघतात. आणि टेबलावर दोनच ट्रॅक पुरे आहेत. मी चार बसवले होते. त्यांपैकी दोन आजवर फक्त फेव्हिकॉलने भरले आहेत.

प्रश्नकर्ता (मिरज)

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. व्हर्निअरने मोजले तेव्हा माझ्या ट्रॅकचे तोंड १९.४ मि.मी. भरले, आणि त्याच्यासोबत आलेला नट अवघा २० मि.मी. लांब निघाला. म्हणजे स्क्रू निघाले नसते, तरी पुढे ओठ वाकलेच असते.

दुसरा थर काल संध्याकाळी चिकटवला आणि मधल्या भागावर दाब यावा म्हणून विटांच्या दोन ओळी रचल्या आहेत. टेबलासाठी ३० चेच दोन ट्रॅक राहतील. उचललेला ट्रॅक सपाट फरशीवर ठेवून पाहिला, तो मध्यभागी अजून अर्धा सूत वर आहे. त्याचे दोन तुकडे करून सरळ भाग ड्रिल मशीनला लावावेत, की तेथे १९ चाच नवीन घ्यावा?

उत्तर (कुपवाड एमआयडीसी)

ड्रिल मशीनला हातभर तुकडा पुरतो, त्यामुळे सरळ भाग जरूर वापरा, पण तेथेही टेबलाची जाडी आधी पाहा, १२.८ खोल खाच पाडायची तर तेही दोन थरांचेच करावे लागेल. कापताना दातेरी पात्याला मेण लावा आणि कापलेल्या टोकाच्या आतली धार कानशीने उतरवा, नाहीतर नट पहिल्याच इंचात अडेल. वाकलेला भाग ठोकून सरळ करू नका, ओठ चेपतील. एम ८ चे ४० मि.मी. लांब नट चार लागतील असे दिसते. ट्रॅकचा दोन इंची तुकडा नमुन्यासाठी आणलात, तर त्यात सरकवून पाहूनच करून देतो.