मदत हवी आहे: ट्रॅव्हलर कॅम्परमध्ये बोलेरोचं इंजिन, आता डॅशबोर्ड नव्याने करायचाय (नाशिक)

नमस्कार मंडळी,

गाडी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, मागे झोपायची सोय आणि छोटा ओटा. आत बोलेरोचं २५२३ सीसी डीआय इंजिन, गिअरबॉक्ससकट. पंप मेकॅनिकल, त्यामुळे ईसीयूची (इंजिनाच्या कॉम्प्युटरची) भानगड नाही. इंजिनबदल पेठ रोडच्या आरटीओतून आरसीवर चढलाय, तेव्हा त्यावर चर्चा नको, वायरिंगवर बोलू.

डॅश मूळ ट्रॅव्हलरचाच आहे आणि त्याचं नव्या इंजिनाशी अजिबात पटत नाही. हेडलाइट लावले की तापमानाचा काटा सरकायचा. मीटर लावून पाहिलं तर बॅटरीची निगेटिव्ह आणि डॅशची अर्थ यांच्यात ०.४ व्होल्ट, इंजिन ब्लॉकवर मात्र जवळजवळ शून्य. डॅशपासून थेट बॅटरीपर्यंत वेगळी अर्थ ओढली, काटा शांत झाला. पण आकडा अजून खोटाच. इंजिनाचा सेंडर (गेजला तापमान कळवणारा सेन्सर, गरम होईल तसा त्याचा रेझिस्टन्स उतरतो) काढून पातेल्यातल्या पाण्यात उकळला (आपल्याकडे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं, तेवढं धरा). उकळत्या पाण्यातही त्याचा रेझिस्टन्स शंभर ओहमच्या खाली उतरत नाही, आणि डॅशच्या गेजला नुसता शंभर ओहमचा रेझिस्टर जोडला तर काटा मध्यावर. म्हणजे इंजिन उकळत असतानाही गेज म्हणणार, सगळं ठीक! कसारा घाट चढताना असल्या गेजवर कसा भरवसा ठेवायचा? ट्रॅव्हलरचा सेंडर बोलेरोच्या हेडमध्ये कुणी बसवलाय का? आटे जुळतात, की अडॅप्टर करून घ्यावा लागतो? की गेज आणि सेंडर जोडीनेच नवे घ्यावेत?

स्पीडोमीटर केबलचा आहे. गिअरबॉक्स बदलल्याने तो जास्त दाखवतो. जीपीएसचा लावायचा विचार आहे, पण समृद्धीवर इगतपुरीच्या पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यात तो गप्प बसणार, आणि नेमका तिथेच वेग बघावासा वाटतो. गिअरबॉक्सवर हॉल सेन्सर (चुंबकाच्या साहाय्याने फेरे मोजणारा) बसवलेला कुणी आहे का?

आरपीएमसाठी अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून सिग्नल घेणार आहे. बारा पोलचा अल्टरनेटर आणि पुलीचं गुणोत्तर अडीच धरलं तर ८०० आरपीएमला साधारण २०० हर्ट्झ येतात. हा भाग जमेल असं वाटतं.

खरी अडचण चार्जिंगची. आधीच्या मालकाने चार्जिंगच्या दिव्याचा बल्ब काढून एलईडी लावलाय. त्यातून डी प्लसला (अल्टरनेटरला जागं करणाऱ्या टर्मिनलला) पुरेसा करंट जात नाही, त्यामुळे रेस दिल्याशिवाय अल्टरनेटर जागाच होत नाही. समांतर ४७ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर टाकावा असं माझं मत. माझा वायरमन म्हणतो, सरळ बल्बच परत लाव. (बहुतेक त्याचंच बरोबर आहे, पण नवा पॅनेल सगळा एलईडीचा करायचाय.)

मागे १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी बसवतोय. ती थेट रिलेवर टाकली तर अल्टरनेटरकडून भरमसाट करंट ओढेल, आणि द्वारका चौकात गाडी उभी असताना अल्टरनेटरचा पंखाही हळू फिरतो, मग अल्टरनेटर तापून जाईल. म्हणून ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (करंट मर्यादेत ठेवून मागची बॅटरी भरणारा). १० स्क्वेअर एमएमची वायर घेतली तर जाऊन-येऊन दहा मीटरमध्ये अर्धा व्होल्ट जातो, १६ची घेतली तर एक तृतीयांश व्होल्ट. चार्जर बॅटरीजवळ असल्यावर तो एवढी घट भरून काढतो का, की १६चाच खर्च करावा? दोन्ही टोकांना फ्यूज लावणारच आहे.

शेवटचं, पॅनेल. तीन मिलीच्या अॅल्युमिनियमवर गेजची भोकं आणि स्विचचे खाचे लेझरने कापून हवेत. अंबड-सातपूरला एका नगासाठी कुणी दारात उभं करत नाही. एखादा नग आनंदाने करून देणारा कारखाना माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वायरिंगचं हाताने काढलेलं चित्र पहिल्या प्रतिसादात टाकतो. चुका दिसल्या तर पेनने रेघ मारून परत पाठवलंत तरी चालेल.