वाग्रामच्या फ्रेंच पायदळाचे झेंडे

नेपोलियनच्या १८०९ च्या वाग्रामच्या लढाईसाठी, टेबलावरच्या युद्धखेळातल्या २८ मिमीच्या छोट्या सैनिकांचं फ्रेंच पायदळ उभं करताय आणि प्रत्येक बटालियनला उभ्या पट्ट्यांचा तिरंगा द्यायचा म्हणताय, तिथे जरा थांबा. तो नमुना १८१२ चा. वाग्रामला १८०४ चाच हवा: मधे टोकावर उभा पांढरा चौकोन, कोपरे आलटून पालटून निळे-लाल. शिवाय १८०८ च्या हुकमानुसार गरुड (झेंड्याच्या काठीच्या टोकावरचं धातूचं चिन्ह) रेजिमेंटमागे एकच, तोही पहिल्या बटालियनकडे. दुसरीला साधं पांढरं निशाण, तिसरीला लाल. (अंमलबजावणी सगळीकडे लगेच झाली नाही. गरुड जास्त दिसले म्हणून कुणी हुज्जत घातली, तर उत्तर तयार आहे.)

मूळ कापड ८० सेंमी चौरस, म्हणजे १:५६ ला (२८ मिमीच्या सैनिकांचं प्रमाण) जेमतेम १४ मिमी. टेबलावर ते अगदीच किरकोळ दिसतं, मी सरळ १८ छापतो. घरी छापणार असाल तर लेझर प्रिंटरच; इंकजेटची शाई पातळ केलेल्या फेव्हिकॉलने पसरते. काठीभोवती दुमडून चिकटवा आणि कागद ओला असतानाच पेनावर वळवून सळ पाडा. कापलेल्या कडेला पांढरा कागद डोकावतो, तिथे त्याच रंगाचा ब्रश फिरवा. सैनिकांच्या खोक्यातली झेंड्याची प्लास्टिकची काठी मात्र काढूनच टाका, पितळी तार घाला.