धावण्याची नोंद: मोबाईल पुरेसा आहे की जीपीएस घड्याळ घ्यावं? मदत हवी आहे

मेघवेडी

आतापर्यंत मोबाईलवर ॲप लावून धावत होते, पण आता त्या आकड्यांवर विश्वासच बसेना. त्याच रस्त्यावर एकदा अंतर कमी दाखवतं, एकदा जास्त. मैत्रिणीबरोबर अगदी खांद्याला खांदा लावून धावले तरी तिच्या घड्याळात वेगळाच आकडा. घरचे वाढदिवसाला घड्याळ घेऊन देतो म्हणताहेत, त्यामुळे याच आठवड्यात ठरवायचं आहे. घड्याळांची वर्णनं वाचून वाचून डोकं भंजाळलंय. कृपया घ्या किंवा नको, एवढंच सांगा.

पायवाट

घ्या. मोबाईल खिशात हिंदकळत राहतो, वेग बघायचा तर बाहेर काढा, घामेजल्या बोटांनी स्क्रीन उघडा, तोवर लय गेलेली असते. मनगटाकडे नुसती नजर टाकली की काम झालं. मी घड्याळ घेतल्यापासून मोबाईलकडे वळूनसुद्धा पाहिलेलं नाही.

तारायंत्र

एवढ्या माहितीवर घ्या म्हणणं घाईचं होईल. मेघवेडी, किती कमी आणि किती जास्त दाखवतं? धावताना मोबाईल कुठे असतो? ॲप कोणतं? रस्ता मोकळा आहे की झाडी-इमारतींमधून जातो? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धावून झाल्यावर नकाशावर जी रेघ उमटते ती कशी दिसते?

अनवाणी

मी थोडं वेगळं सांगतो. नोंद ठेवूच नका. धावताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर, दोन शब्दांत दम लागला तर जास्त. शरीर जे सांगतं ते कुठलंच यंत्र सांगत नाही. मी वर्षानुवर्षं असाच धावतो आणि अजून दुखापत नाही.

मेघवेडी

अनवाणीदादा, तुमचं पटतं, पण मला नोंद हवीच आहे.
तारायंत्र, मोबाईल साधाच आहे, ॲप सगळे वापरतात तेच. रस्ता नेहमीचाच. मोबाईल कमरेच्या पट्ट्यात असतो. फरक बराच पडतो. घड्याळ घेतलं की हे थांबेल का, तेवढं सांगा ना.

तारायंत्र

तुमचा नेहमीचा रस्ता आम्हाला कसा कळणार? मी विचारलं कारण फरक पडायची कारणं वेगवेगळी असतात आणि त्यातली सगळी घड्याळाने जात नाहीत.

ॲपमध्ये शेवटची धाव उघडा आणि नकाशा मोठा करून रेघ सावकाश तपासा. रेघ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना थरथरत गेली असेल, मधेच एखाद्या इमारतीवर चढून परत आली असेल, तर तो परावर्तनाचा दोष. उपग्रहाचा संकेत भिंतीवर आपटून उशिरा पोहोचतो आणि गणित चुकतं. अशाने अंतर बहुतेक वेळा वाढतं. पण रेघ एखाद्या ठिकाणापासून दुसऱ्या ठिकाणापर्यंत फूटपट्टीने ओढल्यासारखी सरळ गेली असेल आणि तुम्ही तिथे वळणावळणाने धावला असाल, तर त्या वेळात ॲप झोपलेलं होतं. अशाने अंतर कमी भरतं.

हिरवळ

मोबाईल डेटा चालू ठेवता ना? डेटा बंद असला की जीपीएस चालत नाही. माझ्या भावाचा हाच प्रॉब्लेम होता.

तारायंत्र

हिरवळ, नाही हो. जीपीएस हा फक्त ऐकणारा रिसीव्हर आहे. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संकेत पाठवत असतात, त्यातले किमान चार नीट ऐकू आले की जागा ठरते. यात इंटरनेटचा काही संबंध नाही. डेटाचा उपयोग सुरुवातीला होतो. कुठला उपग्रह नेमका कुठे आहे ही माहिती नेटवरून क्षणात मिळते, नाहीतर ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते आणि त्याला अर्धा मिनिट किंवा जास्त जातो. भावाच्या बाबतीत बहुधा हेच झालं असेल, जागा पक्की व्हायच्या आत त्यांनी धावायला सुरुवात केली असेल.

हिरवळ

पण डेटा चालू केल्यावर त्याचं सगळं सुरळीत झालं, हे मी स्वतः पाहिलंय.

तारायंत्र

झालं असणारच, कारण जागा लगेच पकडली गेली. डेटा बंद ठेवून मोकळ्या जागी मिनिटभर उभं राहिलं असतं तरी चाललं असतं.

टाचदुखी_गेली

ताई, बूट कोणते वापरता? पाऊल आत वळतं का? मी चुकीच्या बुटांमुळे खूप सोसलं आहे. घड्याळाआधी पाऊल तपासून घ्या, जुन्या बुटाचा तळवा कुठल्या बाजूने झिजलाय ते बघा. माझा आतल्या कडेने पार सपाट झाला होता.

मेघवेडी

बूट ठीक आहेत.

तारायंत्र, नकाशा पाहिला. मी तळ्याला फेऱ्या घालते, तळ्याचा काठ गोल आहे. दोन ठिकाणी रेघ सरळ पाण्यातून आरपार गेली आहे! आणि पुढे झाडांच्या बोगद्यासारखा रस्ता आहे, तिथे ती थरथरते. मोबाईल जुना आहे, बॅटरी टिकत नाही म्हणून बॅटरी सेव्हर कायम चालूच असतो. याचा काही संबंध आहे का?

तारायंत्र

हेच हवं होतं. संबंध आहे, आणि थेट आहे.

स्क्रीन बंद झाली आणि बॅटरी सेव्हर चालू असला की मोबाईल मागे चाललेल्या ॲपला आवरतो. काठाच्या एका टोकाला शेवटची जागा नोंदली जाते, मग ॲप झोपतं, पुन्हा जागं होतं तेव्हा तुम्ही पलीकडच्या काठावर. ॲप बिचारं ते दोन बिंदू सरळ जोडतं. तुम्ही काठाने धावलात, त्याने पाण्यातून मोजलं. ॲप कधी आणि किती वेळ झोपेल याचा नेम नाही, त्यामुळे त्याच रस्त्याचे आकडेही रोज वेगळे.

धावायला निघताना सेव्हर बंद करा. सेटिंग्जमध्ये त्या ॲपला बॅटरीच्या निर्बंधातून वगळा. काही मोबाईलमध्ये हे दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी करावं लागतं, सगळीकडे बघा. लोकेशनची परवानगी तपासा, ती अंदाजे नको, अचूक हवी. आणि जागा पक्की झाल्यावरच सुरू करा. तळ्यातली रेघ यातच जाईल, त्यासाठी घड्याळ लागत नाही.

पायवाट

पण तारायंत्र, झाडांखालच्या थरथरीचं काय? तिथे घड्याळच लागणार. माझं दोन फ्रिक्वेन्सीवालं आहे, रेघ रस्त्याच्या कडेला चिकटून येते.

तारायंत्र

दोन फ्रिक्वेन्सीचा फायदा खरा आहे, मी नाकारत नाही. उपग्रहाच्या नेहमीच्या एल१ संकेताच्या जोडीला दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवरचा एल५ संकेत मिळाला की भिंतीवरून आपटून आलेला संकेत ओळखून बाजूला काढणं सोपं जातं. पण ते घड्याळातच असतं असं नाही, बऱ्याच नव्या मोबाईलमध्येही असतं, आणि सगळ्या घड्याळांत नसतं. शिवाय घड्याळाचा अँटेना छोटा आणि हात सतत हलता. मोकळ्या आकाशाखाली चांगला मोबाईल साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. अचूकतेसाठी म्हणून घड्याळ घ्यायचं असेल तर तुलना त्या विशिष्ट मोबाईलशी व्हायला हवी.

पायवाट

कागदावर बरोबर आहे. वापरून बघितल्यावर वेगळं वाटतं, एवढंच म्हणेन.

नाडीपरीक्षक

घड्याळाचा मुख्य फायदा अंतर नव्हे, हृदयाचे ठोके. २२० वजा वय करा, त्याच्या ७० टक्क्यांवर धावा, बाकी सगळं विसरा.

संथगती

नाडीपरीक्षक, ते सूत्र सरासरीचं आहे. एकाच वयाच्या दोघांच्या कमाल ठोक्यांत दहा-बारांचा फरक सहज असतो, त्यावर नवशिक्याला बांधून टाकू नका. दुसरं म्हणजे मनगटावरचा हिरवा दिवा त्वचेखालचं रक्त कमीजास्त होताना पाहून ठोके मोजतो. पट्टा सैल असला की तो पावलांची लय पकडतो. रमतगमत धावताना अचानक १७० दिसायला लागलं तर आधी आपली पावलं मोजा, मिनिटाला तेवढीच भरतील. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत घेतो, ठोक्यांवर धावायचं असेल तर तोच घ्या. तो मोबाईललाही जोडता येतो.

नाडीपरीक्षक

छातीचा पट्टा काचतो हो. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या जरा वर, घट्ट बांधलं की मला तरी नीट आकडे मिळतात.

संथगती

रमतगमत धावताना मिळतातही. थोडं जोरात, थोडं सावकाश असा सराव असला की मनगट मागे पडतं.

काठकाठाने

मेघवेडी, एक गोष्ट कुणीच विचारली नाही. तुम्हाला नोंद नक्की कशासाठी हवी आहे? घरी येऊन आज किती झालं ते बघायला, की धावता धावता वेग सांभाळायला?

मेघवेडी

अर्ध मॅरेथॉन आहे ना! सांगितलं नव्हतं का? पहिलीच आहे. २ तास २० मिनिटांच्या आत यायचं आहे. गेल्या १० किलोमीटरच्या शर्यतीत मैत्रिणीच्या घड्याळात १०.१ आले, ती म्हणाली आयोजकांनी मोजायला चूक केली. माझ्या मोबाईलवर तर ९.६. म्हणून तर सगळा गोंधळ.

काठकाठाने

मग उत्तर बदललं. वेग धावताना दिसायला हवा, तेव्हा घड्याळ घ्या. पण आधी ते १०.१ चं समजून घ्या, नाहीतर घड्याळ असूनही वेळ चुकेल.

प्रमाणित शर्यतीचा मार्ग सायकलच्या चाकाला मोजणी-यंत्र लावून मोजतात आणि प्रत्येक वळणावर सगळ्यात जवळची रेघ धरतात. वर मार्ग कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर मुद्दाम जास्त ठेवतात. आपण गर्दीत बाहेरच्या बाजूने वळतो, कुणाला ओलांडायला आडवे जातो, त्यात जीपीएसची थोडी थरथर मिसळते. १० चे १०.१ होणं अगदी स्वाभाविक आहे. मार्ग प्रमाणित असेल तर आयोजकही बरोबर आणि मैत्रिणीचं घड्याळही ठीकच.

आता गणित बघा. २१.०९७५ किलोमीटर २ तास २० मिनिटांत म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं ३८ सेकंद. तुम्ही घड्याळात तंतोतंत ६:३८ राखलं, आणि घड्याळाने तसंच एक टक्का जास्त मोजलं, तर शेवटच्या रेषेवर ते २१.३ दाखवेल आणि तुम्ही २ तास २१ मिनिटं उलटून गेल्यावर पोहोचाल. म्हणून घड्याळात ६:३४ च्या आसपास धरा.

संथगती

+१. आणि क्षणाचा वेग बघू नका, तो ६:१० आणि ७:०० च्या मधे नाचत राहतो आणि आपण उगाच पळतो-थांबतो. चालू लॅपची, म्हणजे धावेच्या चालू टप्प्याची, सरासरी स्क्रीनवर मोठ्या अक्षरात लावा.

मेघवेडी

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मग कुठलं घेऊ? घरच्यांनी एक स्मार्ट बँड बघून ठेवलाय, त्याच्या खोक्यावर जीपीएस लिहिलंय. चालेल?

पायवाट

खोक्यावर "कनेक्टेड जीपीएस" लिहिलंय का ते आधी बघा!! तसं असेल तर त्यात स्वतःचं जीपीएस नाही, तो मोबाईलचंच वापरतो. म्हणजे बँड मनगटावर आणि तुमचा तोच जुना मोबाईल कमरेला. "बिल्ट-इन जीपीएस" हवं.

तारायंत्र

इथे पायवाटशी शंभर टक्के सहमत. आणि बटणं असलेलं घ्या. ओल्या बोटाने टचस्क्रीनवर लॅप मारणं जमत नाही. जीपीएस चालू असताना बॅटरी किती तास चालते ते वाचा, जाहिरातीत नुसते "इतके दिवस" लिहितात ते घड्याळ म्हणून वापरल्याचे. सतत स्क्रीन चालू ठेवली तर चमकदार पडद्याचं घड्याळ लवकर उतरतं, साध्या परावर्तक पडद्याचं उन्हात स्पष्ट दिसतं आणि जास्त टिकतं.

निवांत_आजी

मुली, घड्याळ घे, पण मोबाईल घरी ठेवून जाऊ नकोस. माझा नातू पाय मुरगळून बसला होता, जवळ फोन नव्हता, तासभर कुणाला पत्ता नाही. नोंद कशावरही कर, फोन सोबत असू दे.

अनवाणी

आजींशी सहमत. मीही फोन बरोबर ठेवतो, बंद करून.

ट्रेडमिलवाला

ट्रेडमिलवर घड्याळ आणि मशीन वेगवेगळं दाखवतात, त्याचं कुणी सांगेल का?

संथगती

तिथे जीपीएस नाही, घड्याळ हाताच्या झोक्यावरून पावलं आणि पावलाची लांबी ताडतं. बऱ्याच घड्याळांत धाव संपल्यावर मशीनचा आकडा भरून ते सुधारता येतं. कठडा धरून धावलात तर मात्र सगळंच बिघडतं. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा.

मेघवेडी

बँड परत करायला सांगितलं, कनेक्टेडच होता. बटणांचं, स्वतःचं जीपीएस असलेलं घड्याळ घेतेय. तोवर मोबाईलची सेटिंग्ज बदलून आज धावले. तळ्यातली रेघ गेली, काठाने नीट गोल आली आहे! झाडांखाली अजून थरथरतेय. आजी, फोन पट्ट्यात राहीलच.
एकच राहिलं, घड्याळ आलं की ते बरोबर मोजतंय हे कसं तपासू?

हिरवळ

४०० मीटरच्या मैदानावर फेऱ्या मारा.

काठकाठाने

मैदान चांगलं, पण आतल्या पहिल्या लेनमध्ये, आतल्या कडेपासून साधारण ३० सेंटिमीटरवर धावा, ४०० मीटर तिथेच मोजलेले असतात. दुसऱ्या लेनमध्ये फेरी ४०७ ची होते आणि तुम्ही घड्याळाला दोष द्याल. तरी सततच्या वळणांवर जीपीएस थोडं डगमगतंच, तेव्हा एखाद्या फेरीवरून ठरवू नका. शर्यतीआधी एक लांब सराव घड्याळावर करून घ्या, पडदे आणि बटणं हाताला बसू देत.

आणि शर्यतीच्या दिवशी ऑटो-लॅप, म्हणजे घड्याळाने स्वतःच्या मोजणीवरून आपोआप लॅप मारणं, बंद ठेवा. रस्त्यावर किलोमीटरची पाटी आली की स्वतः बटण दाबा. असं केलंत की लॅपची वेळ पाटीपासून पाटीपर्यंतची, म्हणजे मोजलेल्या मार्गाची असते. तिथे सरळ ६:३८ शी ताडून बघा, ६:३४ चा हिशोब फक्त दोन पाट्यांच्या मधे घड्याळ जो वेग दाखवेल त्याच्यासाठी.