माशाची लांबी आणि घेर मोजून वजन कसे काढावे?

घटप्रभाकाठ (हुक्केरी तालुका):
नमस्कार. गेल्या रविवारी हिडकल धरणाच्या फुगवट्यात माझ्या गळाला एक चांगला थोराड कटला लागला. पण पिशवीतला स्प्रिंगचा काटा गंजून अडीच किलोवरच अडकलेला असल्यामुळे वजन करता आले नाही. लांबी 24 इंच, म्हणजे सुमारे 61 सेंटिमीटर, आणि पोटाचा घेर 18 इंच, म्हणजे सुमारे 46 सेंटिमीटर भरला. घरी आल्यावर मासा कापून शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटला गेला आणि मग वाद सुरू झाला: माझ्या मते तो चार-साडेचार किलोचा होता, तर मावसभाऊ सहा किलोच्या खाली यायला तयार नाही. पैज अर्धा किलो कुंद्याची लागली आहे. लांबीला घेराच्या वर्गाने गुणून 800 ने भागावे, असे सूत्र मी ऐकले होते, त्याप्रमाणे हिशेब केला तर उत्तर 161 आले. एवढा मासा काठावर ओढताना मीच पाण्यात गेलो असतो. माझे नेमके काय चुकले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गणिताचा_मास्तर (निपाणी):
सूत्र बरोबर आहे, मापे चुकली आहेत. 800 हा भाजक इंच आणि पौंड यांच्यासाठी आहे आणि आपण त्यात सेंटिमीटर घातले. इंच घेतल्यास 24 × 18 × 18 म्हणजे 7776, त्याला 800 ने भागले की 9.72 पौंड, म्हणजे सुमारे 4.4 किलो. सेंटिमीटरमध्येच काम करायचे असेल तर 800 ऐवजी 28.9 ने भागावे. उत्तर ग्रॅममध्ये येते.

हा आकडा आकाशातून पडलेला नाही. मासा म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत सारख्याच जाडीचा गोल ओंडका आहे असे मानले, तर त्याचे घनफळ लांबी गुणिले घेराचा वर्ग भागिले 12.57 इतके होते, आणि माशाची घनता जवळपास पाण्याएवढीच असल्यामुळे तेवढेच घन सेंटिमीटर म्हणजे तेवढेच ग्रॅम धरता येतात. परंतु मासा दोन्ही टोकांना निमुळता होतो. दोन शंकू बुडाला बूड लावून ठेवले तर त्यांचे घनफळ ओंडक्याच्या एक तृतीयांश भरते आणि भाजक 37.7 होतो, तोच आकार अंड्यासारखा लांबट गोल धरला तर दोन तृतीयांश भरतो आणि भाजक 18.85 येतो. 28.9 हा त्या दोहोंच्या मधला आहे. मात्र तो सरासरीचा आहे, हे विसरू नये. मरळ किंवा वांब यांच्यासारख्या लांबुळक्या माशांना आणि चिलापीसारख्या चपट्या माशांना तो आहे तसा लावणे योग्य होणार नाही.

शेततळे_अथणी:
मास्तरांनी गणित उत्तम मांडले आहे. मी मोजणीबद्दल लिहितो, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते. घेराचा वर्ग होत असल्यामुळे घेरातली चूक वजनात जवळजवळ दुप्पट होते. आपल्याच माशाचा घेर 18 ऐवजी 19 इंच धरला तर वजन 4.9 किलो येते, म्हणजे एका इंचात अर्धा किलो; लांबीत मात्र एक इंच चुकला तर फरक पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपासच राहतो. घेर पाठीवरचा पर सुरू होतो त्याच्या किंचित पुढे, जिथे मासा सर्वांत जाड असतो तिथेच घ्यावा, टेप कातडीला टेकलेली असावी, पण पोट दाबले जाऊ नये. लांबीसाठी मासा सपाट फळीवर आडवा ठेवून सरळ रेषेत मोजावे. टेप पोटाच्या फुगीर बाजूवरून नेली की लांबी उगाच वाढते, आणि मासा थोरला असल्याचे समाधान तेवढे मिळते!

आमच्या तळ्यात पेंड-कोंड्याचे रोजचे खाद्य माशांच्या एकूण वजनावर ठरत असल्यामुळे मी महिन्यातून एकदा पंचवीस-तीस मासे जाळ्यात घेऊन तपासतो. प्रत्येकाचा घेर मोजत बसलो तर मासे धाप लागून मरतील, म्हणून मी फक्त लांबी घेतो आणि वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते असे धरतो. माझ्याकडे 40 सेंटिमीटरचा रोहू 900 ग्रॅम भरतो. 60 सेंटिमीटरच्या रोहूची लांबी दीडपट, म्हणून वजन साधारण 3.4 पट, म्हणजे तीन किलोच्या आसपास. लांबी दुप्पट झाली तर वजन आठपट होते, हे आमच्या गड्यांना अजूनही पटत नाही. अर्थात पावसाळ्याच्या तोंडावर अंड्यांनी भरलेली मादी आणि उन्हाळ्यात उपाशी राहिलेला मासा यांना लांबीचा एकच हिशेब लावता येत नाही. तिथे घेर घ्यावाच लागतो.

गळवाला_खानापूर:
एक भर घालतो. प्रत्येकाने आपल्या पाण्यातल्या माशांचा भाजक स्वतःच काढावा. खऱ्या काट्यावर वजन केलेल्या आठ-दहा कटल्यांची लांबी गुणिले घेराचा वर्ग काढून त्याला ग्रॅममधल्या वजनाने भागावे, आणि येणाऱ्या आकड्यांची सरासरी वहीत लिहून ठेवावी. मलप्रभेतल्या माझ्या मरळींसाठी मी असेच केले आहे. त्याआधी काटा तपासून घ्यावा: रिकामा कॅन काट्याला लावून पाहावा, मग त्यात मापाने 5 लिटर पाणी ओतावे, काटा बरोबर 5 किलोने पुढे सरकला पाहिजे. आणखी एक, आपण घेर कशाने मोजला होता?

घटप्रभाकाठ (हुक्केरी तालुका):
सर्वांचे आभार. लांबी टेपने घेतली होती, पण घेर पोत्याच्या सुतळीने घेऊन गाठ मारली होती, आणि 18 इंच हा आकडा काठावरच टेपला सुतळी लावून अंधारात वाचलेला होता. ती सुतळी अजून खिडकीत लटकलेली असल्यामुळे आज दिवसाउजेडी आईच्या शिवणाच्या टेपवर पुन्हा मोजली. पावणेअठरा इंच भरली. म्हणजे वजन 4.3 किलो. दहा टक्के इकडे-तिकडे धरले तरी ते पावणेपाचच्या पुढे जात नाही, आणि याच लांबीच्या माशाला सहा किलो भरायचे तर घेर 21 इंच हवा होता. हे सगळे मावसभावाला दाखवले. सुतळी वाळून आखडली, असे त्याचे आता म्हणणे आहे, म्हणून ती सकाळी बादलीत भिजत घातली आहे.