जिन्याला ग्रॅनाइट: हरकत असेल तर आजच कळवा

सचिव: नमस्कार. जिन्याच्या कडाप्प्यावरच ग्रॅनाइट बसवायचं कोटेशन आलंय. तोडफोड नाही, धूळ नाही.

१०२: मस्त दिसेल 👍

३०४ (काका): माझी हरकत आहे. मसाला धरून दीड इंच भर पडणार. मधल्या पायऱ्यांत फरक पडत नाही, सगळ्या सारख्याच वर येतात. पण तळाची पायरी दीड इंचानं उंच होते आणि मजल्याला लागते ती तेवढीच बुटकी. माणूस एक-दोन पायऱ्यांत अंदाज घेतो, मग खाली बघतच नाही. पडतो तो अशा एका वेगळ्या पायरीवर.

१०२: दीड इंचानं काय होतंय काका 😀

३०४: आत्ताच टेप लावून आलो. आपली पायरी १७५ मिमी. तळाची २१३ होईल. राष्ट्रीय इमारत संहितेत घराच्या जिन्याला १९० च्या वर चालत नाही. पाय टेकायला २५० तरी हवेत, ते आपल्याकडं आहेत. बिल्डरनं तेवढं एक बरं केलंय.

२०१ (काकू): आणि पॉलिशचं ग्रॅनाइट अजिबात नको. पावसात ओल्या चपला घेऊन चढायचं असतं आम्हाला.

३०४: बरोबर. खरखरीत घ्या, कडेला खाचा मारून घ्या. कडाप्पा उचलूनच बसवायचं, धूळ झाली तर झाली.

१०१: जिन्याचा विषय निघालाच आहे तर शू रॅकचंही बोलू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा बोट आपल्या पहिल्या वळणाला लागली होती. आमच्या आईला खुर्चीत बसवून उतरवताना आधी रॅक, कुंड्या, पाण्याचे कॅन वरच्या मजल्यावर नेले, मग खुर्ची वळली. तिथली धोका पातळी ४५ फुटांची. ती ओलांडली की आपल्याला जिन्याशिवाय दुसरं दार नाही.

४०३: पण आमच्या घरात रॅकला जागाच नाही.

२०१: मग चपला कमी घ्या की.

४०३: 🙏

सचिव: ठीक. कडाप्पा उचलण्याच्या खर्चासह नवीन कोटेशन मागवतो. रॅक रविवारपर्यंत आत घ्या. मीटरखालची लाल सायकल कुणाची आहे?

१०२: आमची. संध्याकाळी काढतो.

३०४: दुसऱ्या वळणाचा दिवाही बघा. बटण फक्त खालीच आहे, वरून उतरणाऱ्यानं काय करायचं? वायरमन येईल तेव्हा टू-वे करून घ्या.